पाडकाम हा सोहळा नव्हे : कॅनबेरा, १९९७

१/ रविवार, १३ जुलै १९९७. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. बर्ली ग्रिफिन तलावाभोवती लाखभर माणसे जमली होती. शहराच्या लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा. निमित्त काय, तर एका जुन्या सार्वजनिक रुग्णालयाचा शेवट पाहणे!

२/ रॉयल कॅनबेरा रुग्णालय १९४३ मध्ये सुरू झाले आणि १९९१ मध्ये बंद पडले. जमलेल्यांपैकी अनेकांचा जन्मच तेथला. इमारत स्फोटकांनी जागच्या जागी खाली बसवायची असे ठरले आणि हे दृश्य पाहायला यावे, असे आवाहन खुद्द स्थानिक सरकारने नागरिकांना केले.

३/ इमारत खाली बसली नाही. तिचे तुकडे तलाव ओलांडून गर्दीत आले. सुमारे ४३० मीटरवर उभ्या असलेल्या १२ वर्षांच्या मुलीचा, जेमतेम किलोभर वजनाच्या पोलादी तुकड्याने जागीच मृत्यू झाला. इतर काही जण जखमी झाले. एवढे होऊनही मुख्य इमारत पुरती पडली नाहीच; उरलेला भाग नंतर यंत्रे लावून पाडावा लागला.

४/ याला ‘दुर्दैवी अपघात’ म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. १९९९ च्या मृत्युचौकशी अहवालाने कंत्राटदारांच्या कार्यपद्धतीवर आणि देखरेखीवर कठोर ताशेरे ओढले. पाडकामाचा जाहीर सोहळा करण्याचा निर्णयही टीकेतून सुटला नाही.

५/ परंतु तुकडा दिसतो, म्हणून त्याची चौकशी होते. धूळ विरून जाते, म्हणून तिची होत नाही. काँक्रीट, वीट व दगड यांच्या भुकटीत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर रुतले की सिलिकोसिस जडतो. तो बरा करणारे औषध नाही.

६/ जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत आणि नळांच्या वेष्टनांत ॲस्बेस्टॉस सापडतो, जुन्या रंगांत शिसे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग अनेकदा २० ते ५० वर्षांनी प्रकटतो. तोवर कंत्राट संपलेले, फाइल बंद झालेली आणि मजूर दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

७/ ‘धूळ काय, तासाभरात बसते’, हा नेहमीचा युक्तिवाद. बसते ती जाड धूळ. फुप्फुसात शिरणारी बारीक धूळ हवेत रेंगाळते आणि ढिगारा उपसताना पुन्हा उठते. प्रेक्षक तेव्हा घरी पोहोचलेले असतात. मजूर तेथेच असतो.

८/ दुसरा युक्तिवाद : ‘धोकादायक वास्तू पाडावीच लागते.’ मान्य. वाद पाडावी की नाही याचा नाही. तिच्या पोटात काय आहे हे न तपासता पाडण्याचा आहे.

९/ पुण्याचे उदाहरण ताजे आहे. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री चांदणी चौकातील पूल स्फोटकांनी पाडण्यात आला. लोकांना दूर ठेवले गेले, हे योग्यच झाले. तरीही पूल एका दमात पडला नाही. कारण सांगितले गेले ते असे, की त्यात अपेक्षेपेक्षा अधिक पोलाद होते. बांधकामाचे पुरते ज्ञान हाती नसले की अंदाज चुकतात, ते असे.

१०/ येथे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम सुरू होते. मूळ नकाशे, दुरुस्त्यांच्या नोंदी, कोणत्या दशकात कोणते साहित्य वापरले याची माहिती, हे सारे दप्तरखान्यात असते. पाडकामाच्या सुरक्षेसाठी आय. एस. ४१३० ही भारतीय संहिता आहेच. तिच्याबरोबर ही कागदपत्रेही पाडकामापूर्वी जाहीर व्हावीत, ॲस्बेस्टॉस आधी वेगळा काढावा, पाण्याचा फवारा आणि मजुरांच्या तोंडावर योग्य मुखवटे असावेत, ही मागणी इतिहासप्रेमींनी केली पाहिजे. केवळ पडलेल्या कमानींची छायाचित्रे मिरवून हळहळणे पुरेसे नाही.

११/ कॅनबेऱ्यात त्या रुग्णालयाच्या जागी २००१ पासून ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. पलीकडच्या काठावर त्या मुलीचे छोटे स्मारक आहे. संग्रहालय पाहून परतणाऱ्याने तलावाला वळसा घालून तेथवर जरूर जावे.