खिलाडूवृत्ती आणि पंचवीस गुण

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपते न आटोपते तोच शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस येतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा आठही तालुक्यांतून कबड्डी व खो-खोचे संघ बाहेर पडतात. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूर विभागाला, आणि एखादाच भाग्यवान संघ तेथून राज्यपातळीवर. उद्घाटनाला आलेले पाहुणे 'खिलाडूवृत्तीने खेळा' असे सांगतात, मुले टाळ्या वाजवितात आणि पहिल्या सामन्याची शिट्टी होते. त्यानंतर मैदानात मुले जशी वागतात, ते वागणे कोणत्याही भाषणातून आलेले नसते.

ते कोठून येते, हे पाहण्यास कबड्डीइतका चांगला खेळ दुसरा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, तो हा आपला खेळ सर्वस्वी स्पर्शावर उभा आहे. चढाई करणाऱ्याचे बोट बचाव करणाऱ्याच्या खांद्याला निसटते लागले की नाही, हे पुष्कळदा जगात दोघांनाच ठाऊक असते. पंचाला ते दिसेलच असे नाही. अशा वेळी लागलेला मुलगा हात वर करून आपण होऊन बाहेर जातो की निर्विकार चेहऱ्याने जागेवर उभा राहतो, एवढ्या एका क्षणात त्याचे सारे शिक्षण प्रकट होते. यंत्रे आली म्हणून हा प्रश्न मिटला, असेही नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेतील भारत-इराण अंतिम सामना पवन सेहरावतच्या एका चढाईवरून सुमारे तासभर अडून राहिला होता. भारताने तो ३३-२९ असा जिंकला; पण कॅमेरे, नियमपुस्तक आणि नाणावलेले पंच हाताशी असूनही वाद व्हायचा तो झालाच.

खिलाडूवृत्तीची गोष्ट मुलांना सांगताना आपण एक लबाडी करतो. प्रामाणिकपणाचे फळ शेवटी गोडच मिळते, असा तिचा शेवट करून टाकतो. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईत वानखेडे मैदानावर झालेला भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना वेगळेच सांगतो. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत बाद झाले होते व बोथम-टेलर ही जोडी नुकती जमू पाहत होती. पंचांनी टेलरला यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागला नव्हता, अशी खात्री असलेल्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावले. पुढे त्या जोडीने १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. विश्वनाथला त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली, आणि म्हणूनच त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी, मात्र पराभवासकट सांगावी.

आता किंमतीचाच विषय निघाला आहे, तर आपल्या मुलांपुढे ती केवढी असते तेही पाहू. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना अधिकात अधिक २५ क्रीडागुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या सवलती योग्यच आहेत; गरीब घरच्या मुलाला मैदानाकडे वळविणारे दुसरे आहे तरी काय? पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली आपण रोज पाहतो. त्यांच्या लेखी प्रमाणपत्र ही भिंतीवर लावण्याची वस्तू नसते. परंतु ज्या दिवशी प्रमाणपत्राला गुण आणि गुणाला नोकरी जोडली गेली, त्या दिवसापासून त्या निसटत्या स्पर्शाचे मोलही वाढले. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे गेल्या काही वर्षांत उघडकीस आली, ती याच वाटेने. तेथे फसवणारे हात मोठ्यांचे होते, हे विसरता कामा नये.

चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे शालेय स्पर्धांचे गट असतात. प्रवेशिकेवर जन्मतारीख असते आणि खाली शाळेची सही. आपल्या जिल्ह्यात त्या तारखा फिरविल्या जातात, असा आरोप येथे करावयाचा नाही. पण कोठेही एखाद्या मुलाचे वय कागदावर कमी केले गेले, तर ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याला कदाचित कळणार नाही. संघातील उरलेल्या मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याच मुलांना त्याच शिक्षकाने 'लागला असेल तर हात वर करा' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

हरलेल्या संघाकडे तर आपले लक्षच नसते. विजेत्यांची छायाचित्रे निघतात आणि हरलेली मुले दिवेलागणीला बसने गावी परततात. त्या प्रवासात शिक्षक 'पंचाने मारले' म्हणतात की 'आपला उजवा कोपरा सैल पडला' म्हणतात, यावर त्या मुलांची पुढच्या वर्षाची तयारी बरीचशी अवलंबून असते. पहिल्या वाक्यात करण्यासारखे काहीच उरत नाही, दुसऱ्यात दुसऱ्या दिवशीच्या सरावाचा विषय सापडतो.

आणि सरावाचे म्हणाल, तर आठवड्यातून एक सामना पंचाविना खेळवून पाहावा. शिक्षकांनी कडेला नुसते बसावे, शिट्टी खिशात ठेवावी. ज्याला स्पर्श झाला त्याने आपण होऊन सांगावे, वाद झाला तर दोन्ही कर्णधारांनी तो मिटवावा, न मिटल्यास चढाई पुन्हा घ्यावी. सुरुवातीचे काही सामने भांडणातच जातील. आश्रमशाळेच्या अंगणात असो वा गोंदिया शहरातील शाळेच्या पटांगणात, त्यासाठी अनुदान लागत नाही की शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. जेथे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे, तेथे गणिताच्या शिक्षकालाही हे करता येईल.