शांत तळं कुणाचं?



निसर्गचित्रावर समीक्षक काय लिहितात ते वाचा. स्थिर पाणी म्हणजे मनःशांती. रिकामा घाट म्हणजे एकान्त. संध्याकाळचा रंग म्हणजे वैराग्य. झालं! प्रतीकं मोजली, समीक्षा संपली.

आबालाल रहिमाननं कोल्हापूरचं कोटितीर्थ तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. त्यातलं एक छापील चित्र मी मायला दाखवलं. माय वाशिमकडची. जन्म गावकुसाबाहेर काढलेला. बराच वेळ बघून म्हणाली, "तयं लय चांगलं हाय रे. पण पाणी भराले कोनीच कसं नाई?"

हा सवाल समीक्षकाला पडत नाही. कारण त्याला घाटावरून कुणी हाकललेलं नाही. रिकामा घाट दिसला की आपल्याला आधी पहारा आठवतो. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळंही शांतच होतं. बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि त्याच दिवशी आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्या शांततेच्या पोटात लाठ्याच होत्या.

म्हणून आबालालला शिव्या देऊ नका. तो आपला वैरी नाही. त्याला आधार होता शाहू महाराजांचा. त्याच महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर शिवाशिव पाळायची नाही असा हुकूम काढला. १९२२ ला महाराज गेले, तेव्हा आबालालनं दुःखानं आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली असं सांगतात. एवढं सगळं त्या पाण्यात आहे. ते सोडून जो नुसती 'प्रसन्न शांतता' लिहितो, तो चित्र बघत नाही, स्वतःचं सुख बघतो.

आणि आपल्याकडं काय कमी आहे? वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. पाचव्या शतकात इथल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या प्रधानानं, वराहदेवानं, अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं भिक्खूसंघाला दिलं. शेजारच्या १७ नंबरात छद्दंत जातक रंगवलंय. कमळांचं तळं, डुंबणारे हत्ती. आणि सुळ्यांसाठी आलेला शिकारीही तिथंच. तळं सुंदर काढलं, पण मारेकरी लपवला नाही. करुणा म्हणतात ती ही.

तर पोरांनो, ब्रश घ्या. गावचं तळं काढा, लिंब काढा, मावळतीही काढा. पण काठावर कोण भरतंय, लांब कोण ताटकळतंय, तेही काढा. मायच्या सवालाला चित्रात जबाब पाहिजे. तो आला की मग शांततेवर बोलू.