नॅशनल खेळलाय, पण माणूस कसा आहे?

"ताई, सर चांगले शिकवते म्हन्तात. पन मानूस कसा हाये, हे कोनाले इचारू?"

कारंज्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका आईने हे विचारले आणि हप्त्यांचा हिशेब बाजूला राहून तासभर तीच चर्चा झाली. तिची मुलगी सातवीत. शाळेच्या अंगणात खेळता खेळता तिला बॅडमिंटनचा नाद लागला. आता आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांतही पत्र्याच्या शेडखाली मॅट अंथरून, मोठे दिवे लावून हॉल निघाले आहेत. महिन्याची फी भरायची आणि बॅच धरायची. या मुलीला सकाळी सहाची बॅच मिळत होती. थंडीत सहाला अंधार असतो आणि आईला कापूस वेचायला जायचे असते. बाप म्हणाला, "कायले पाह्यजे थे? शिवनकाम शिकू दे तिले."

मैत्रिणींनो, बापाचा हा निकाल आपल्या ओळखीचा आहे. धोका दिसला की मुलीला घरी बसवायचे. पण आईच्या प्रश्नाला उत्तर असते, तर बापाला निकाल द्यायची वेळच आली नसती. म्हणून आम्ही दोघीजणी हॉलच्या मालकाला भेटायला गेलो. हॉलचे नाव लिहीत नाही. दुसरीकडे गेलो असतो तरी याहून वेगळे ऐकायला मिळाले असते असे वाटत नाही.

आम्ही तीन गोष्टी विचारल्या. शिकवणाऱ्याने शिकवण्याचे प्रशिक्षण घेतले आहे का? पोलिसांकडून त्याची पडताळणी करून घेतली का? आणि एखाद्या मुलीला काही सांगायचे झाले, तर तिने कोणाला सांगायचे? पहिल्यावर उत्तर आले, "नॅशनल खेळेल पोरगा आहे ताई, अजून काय पाहिजे?" दुसऱ्या प्रश्नावर मालकाचा चेहरा उतरला. आपल्याच ओळखीतला मुलगा, त्याच्यावर संशय? तिसऱ्यावर तो हसून म्हणाला, "मी आहे ना."

झाले. एवढ्यावर प्रशिक्षक नेमला जातो. शटल आणि जाळी घेताना चार दुकाने फिरणारा माणूस शिकवणारा ठेवताना फक्त पदक बघतो.

खेळता येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे, म्हणून तर पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली निघाली. तिथली प्रशिक्षकाची पदविका एका वर्षाची आहे. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. असे प्रमाणपत्र असलेला माणूस मुलीच्या खांद्याची वाट लागू न देता तिला स्मॅश शिकवील, एवढी आशा धरता येते. पण बारा वर्षांच्या मुलीजवळ त्याला एकटे ठेवावे का, हे तो कागद सांगत नाही. कागदाचा त्यात दोष नाही. भिंतीवर चौकट टांगली की माणूसही पारखून झाला, असे आपण धरून चालतो, ती चूक आपली. शिवाय बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे याच राज्यात निघाली आहेत. तेव्हा कागदाची भक्ती जरा जपूनच केलेली बरी.

या माणसाच्या हातात काय काय असते ते पाहा. रॅकेट धरायला शिकवताना तो मनगट धरतो, पवित्रा दुरुस्त करताना खांद्याला हात लावतो. खेळ शिकवायचा तर हे काही प्रमाणात होणारच. स्पर्धेला कोण जाणार ते तोच ठरवतो. अकोल्याला, अमरावतीला बहुधा त्याच्याच गाडीतून जायचे असते. जिल्ह्याला, राज्याला खेळले तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. म्हणजे गरीब घरच्या मुलीच्या भाकरीची एक किल्ली या एका माणसाच्या खिशात असते. अशा माणसाविरुद्ध ती तोंड कसे उघडेल? आणि उघडले, तर "मी आहे ना" म्हणणारा मालक कोणाची बाजू घेईल?

कायदा काहीच सांगत नाही असे मात्र नाही. २०२० च्या पोक्सो नियमांत तिसरा नियम आहे. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. त्यांना मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षणही द्यायचे आहे. या संस्थांच्या यादीत शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमी हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाचालकाने दडवला, तर पोक्सोच्या एकविसाव्या कलमाखाली त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांवरच्या मुलींसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. त्यातल्या 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था आणि क्रीडा संकुले येतात. हॉलमध्ये दहापेक्षा कमी माणसे काम करत असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे आमच्यासाठी वाशीमला. आपल्या किती कार्यकर्त्यांनी हे एखाद्या हॉलमालकाला कधी ऐकवले आहे? मी तरी त्या दिवसापर्यंत ऐकवले नव्हते.

पण पडताळणी झाली की आपण सुटलो, असेही समजू नका. रॅकेटच्याच खेळातली एक मुलगी आठवा. हरियाणातली रुचिका गिरहोत्रा, वय चौदा, टेनिस शिकणारी. एस. पी. एस. राठोड हे राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष. तिच्या खास प्रशिक्षणाची सोय करतो असे त्यांनी तिच्या वडिलांना सांगितले आणि १२ ऑगस्ट १९९० रोजी कार्यालयात बोलावून तिचा विनयभंग केला. हे गृहस्थ पोलीस महानिरीक्षक होते! त्यांच्या चारित्र्याचा दाखला कोणत्या ठाण्यातून मागवायचा होता? तक्रारीनंतर शाळेने मुलीला काढून टाकले, भावावर गाडीचोरीचे गुन्हे लावले गेले. डिसेंबर १९९३ मध्ये तिने विष घेतले आणि ती गेली. गुन्हा नोंदला गेला १९९९ साली, त्याच वर्षी राठोड राज्याचे पोलीस महासंचालक झाले होते. २००९ मध्ये शिक्षा झाली ती सहा महिन्यांची. अपिलात दीड वर्ष झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगून झालेली शिक्षा पुरेशी मानली. एवढे तरी झाले ते तिची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचे आईवडील वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढले म्हणून.

ज्या जागी एकही बाई अधिकाराने उभी नसते, तिथे हे घडते. २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुलींनीही दुसरे काय सांगितले? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया हव्यात असे घातले, चांगलेच झाले. पण दिल्लीतली खुर्ची आमच्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सहाला उपयोगी पडत नाही. तिथे शिकवणारी बाई हवी.

"बाया भेटतच नाही ताई," मालक म्हणाला. का नाहीत? १९४० च्या दशकात पुण्याच्या तारा, सुंदर आणि सुमन या देवधर बहिणी बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवत होत्या. मुंबईची अपर्णा पोपट नऊ वेळा राष्ट्रीय विजेती झाली. आमच्या विदर्भातल्या, नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवले. म्हणजे खेळणाऱ्या मुलींची वाण नाही. पण पदविकेला खेळातली कामगिरी लागते आणि वर्षभर घराबाहेर राहावे लागते. तेराव्या वर्षी घरी बसवलेली मुलगी कामगिरी कुठून आणणार? आणि लग्न झालेलीला पतियाळ्याला कोण पाठवणार? आधी रस्ता बंद करायचा आणि मग कोणी येत नाही म्हणायचे!

तरी शोधले तर मिळतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. तिथून वऱ्हाडातल्या मुली शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन येतात आणि शाळेतल्या जागेची वाट बघत बसतात. त्यांना हॉलवर घ्या, पहिल्या वर्षी सहा आठवड्यांच्या वर्गाचा खर्च मालकाने उचलावा. मोठ्या मॅटच्या तुलनेत तो किती असणार?

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, एक बाई नुसती बसवून ठेवा, मुलींवर लक्ष ठेवायला. मला हे अजिबात मान्य नाही. अर्ध्या पगाराची, खुर्चीत बसलेली राखणदारीण 'नॅशनल' सरांपुढे काय बोलणार? तिच्या हातात रॅकेट हवी, संघनिवडीत तिची सही हवी, पगार सरांइतका हवा. मुलींची वेगळी, आडवेळची बॅच हाही उपाय मला कोंडवाड्यासारखाच वाटतो.

आणि थोडे स्वतःलाही बोलून घेऊ. दारू, हुंडा, रेशन यांवर आपण मोर्चे काढले. खेळ म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले समजून आपण त्या दाराकडे फिरकलोच नाही. बचत गटातल्या मुली त्या दारातून आत जाऊ लागल्या, तेव्हा कुठे आपल्याला आत कोण उभे आहे ते बघावेसे वाटले.

मालकाकडे आम्ही पुन्हा दोनदा गेलो, दुसऱ्या वेळी गटातल्या अकराजणी घेऊन. पडताळणीचा अर्ज भरला गेला. दारावर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लागला आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी असलेली एक मुलगी आम्ही शोधून दिली. मालकाने तिला मॅटवर खेळवून पाहिले आणि खेळ बरा आहे म्हणाला. मग विचारले, "पण ही नॅशनल खेळली आहे का?" पगाराचे दिवाळीनंतर बघू म्हणतो. ती आई अजून विचारते, फी भरू की नको. आम्ही तिला पौर्णिमेपर्यंत थांबायला सांगितले आहे, आणि तोवर रोज सकाळी आमच्यातली एकजण मुलीबरोबर हॉलवर जाऊन बसते.