शक्तिमान गरगर फिरतो, पण बदलतो का?

ज्या पोरांनी शेजाऱ्याच्या दारात दाटीवाटीने बसून 'शक्तिमान' पाहिला, ती पोरे आता आईबाप झाली आहेत आणि आपल्या लेकरांना मोबाईलवर तीच मालिका लावून देत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली, तेव्हा जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत दोन पिढ्या एकत्र बसून पाहत होत्या. तेव्हापासून आमच्या माता-भगिनी एक तक्रार हमखास सांगतात. पोरगे नुसती मारामारी पाहते, माणसे बोलू लागली की उठून जाते. मग यातून त्याच्या डोक्यात शिरणार तरी काय? 'टीव्ही बंद करा' एवढ्या उत्तराने हा प्रश्न मिटत नाही, म्हणून या आठवड्यात तोच घेतला आहे.

मालिका १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि २७ मार्च २००५ रोजी संपली. म्हणजे साडेसात वर्षे. आधी ती शनिवारी सकाळी लागत असे, पुढे रविवारी दुपारी बाराला लागू लागली. जिनिंगमध्ये, रेल्वेच्या गँगमध्ये, बांधकामावर राबणाऱ्या माणसाचा तो हक्काचा सुटीचा दिवस. बाहेर खान्देशचे ऊन, आत एक टीव्ही आणि त्याच्यासमोर वीस पोरे. वीज गेली की साऱ्या गल्लीतून एकच हाय निघे.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हा 'आज की आवाज' या वृत्तपत्राचा छायाचित्रकार. पुढे आलेले दात, चोपडून बसविलेले केस, जाड भिंगांचा चष्मा. सारे कचेरीवाले त्याला हसतात. संकट आले की हाच बावळट गरगर फिरतो आणि शक्तिमान होतो. शक्तिमान आणि गंगाधर दोन्ही मुकेश खन्ना यांनीच केले, निर्मितीही त्यांचीच. समोर खलनायक तमराज किल्विष आणि त्याचा शास्त्रज्ञ डॉ. जैकाल. सत्य शोधणारी वार्ताहर गीता विश्वास आधी किटू गिडवाणींनी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी केली. (स्वतःच्या नोकरीवर उभी असलेली, प्रश्न विचारणारी बाई रविवारी दुपारी पोरींना दिसत होती, ही गोष्ट आम्हाला तेव्हाही आवडली होती.)

आता मारामारीचे पाहू. गंगाधर संकटात सापडला की आमच्याकडची पोरे ओरडू लागत, "आते येई, आते येई!" खरी मजा ती फिरकी येण्याआधीच्या या ओरडण्यात होती. कोण अडकले आहे, त्याचे काय होणार, गंगाधरला तिथून निसटायला जमेल की नाही, हे मनाला लागले असेल तरच फिरकीला किंमत. भरताला मिरची लागतेच, पण नुसत्या मिरच्या ठेचून ताटात वाढल्या तर त्याला भरीत कोण म्हणेल? पोरगे बोलण्याच्या वेळी उठून जाते, यात दोष बहुधा पोराचा नसतो. त्या बोलण्यात कोणाचेच काही अडलेले नसते, म्हणून ते उठते.

आणि इथेच शक्तिमान कमी पडला, असे आमचे मत आहे. गंगाधर हा माणूस नव्हताच, तो मुखवटा होता. मुखवट्याला अंगावर व्रण येत नाहीत, अपमान झोंबत नाही, तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. किल्विषही तसाच, पहिल्या वर्षी अंधार पसरवीत होता आणि शेवटच्या वर्षीही अंधारच पसरवीत होता. ज्याला मार लागत नाही त्याने मारलेल्या ठोशाचे कौतुक ते काय? नायकाला भीती वाटत नाही, म्हणून पोर उडी तेवढी शिकते, उडीची भीती शिकत नाही.

हे नुसते तोंडचे बोलणे नाही. मालिका गाजत असताना, शक्तिमान वाचवील या भरवशावर मुलांनी उंचावरून उड्या घेतल्याच्या, अंगाला पेटवून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. त्याचे खापर मालिकेवर फोडणे मुकेश खन्ना यांना कधीच मान्य झाले नाही. पण शक्तिमानलाच पडद्यावर येऊन, असे धाडस करू नका, मी खरा नाही, अशा अर्थाचे मुलांना सांगावे लागले. सांगितले हे चांगलेच झाले. पण अर्धा तास दिसते एक आणि मग दोन मिनिटे सांगितले जाते दुसरे, तर सहा वर्षांचे पोर कशावर विश्वास ठेवील?

त्याच मालिकेत भागाच्या शेवटी 'सॉरी शक्तिमान' नावाचा छोटा तुकडा असे. एखादे पोर दात घासायचा कंटाळा करी, खोटे बोले, कचरा रस्त्यात टाकी. शक्तिमान समजावी आणि ते पोर माफी मागे. खर्च काही नाही, उड्डाण नाही. तरी आज चाळिशीला आलेल्यांना किल्विषच्या कटापेक्षा तो तुकडा जास्त आठवतो. कारण तिथे कोणीतरी चुकत होते, लाजत होते आणि बदलत होते. साऱ्या भागात जे घडत नसे, ते तिथे मिनिटभरात घडे.

पैशाचाही भाग आहे, तो विसरू नये. उड्डाणाची करामत महाग असते. दूरदर्शनवर मालिका दाखवायची तर निर्मात्यालाच शुल्क भरावे लागे आणि जाहिराती मिळवून ते भरून काढावे लागे. हे शुल्क वाढत गेले म्हणून मालिका थांबविली, असे मुकेश खन्ना यांनी मुलाखतींत सांगितले आहे. मग तीच फिरकी, तेच उड्डाण पुन्हा पुन्हा वापरले गेले, तर नवल नाही. मात्र चांगला संवाद लिहायला पडदे लागत नाहीत. तिथे काटकसर करण्याचे कारण नव्हते.

कुंडलिनी, गुरू आणि मंत्रशक्तीतून येणारे बळ आपल्या घरात कसे चालवून घ्यायचे, असेही काही वाचक विचारतात. नायकाचे ते लांबलचक पंडिती नाव गमतीचे असले तरी आम्हालाही खुपतेच. पण खेळ आणि खरे यातला फरक आपण सांगितला तर पोराला कळतो. आम्हाला त्याहून जास्त टोचते ते वेगळेच. २००८ पासून चालू असलेल्या 'छोटा भीम'मध्ये दांडगाई करणाऱ्या, नेहमी तोंडावर आपटणाऱ्या पोराचे नाव आहे कालिया. लाडू खाऊन बळ येणारा भीम सर्वांचा लाडका आणि कालिया हसण्यावारी. एखाद्या भागात कालिया वरमतो, मदतही करतो. पुढच्या भागात पुन्हा पहिल्यासारखाच. वर्गातल्या सावळ्या पोराला उद्या कोणत्या नावाने हाक मारली जाईल, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. त्याला बदलू दिले असते तर त्या नावाचा डंख थोडा तरी कमी झाला असता.

आता धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासेक किलोमीटर जाऊ या. मालेगाव. यंत्रमागांचे गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी हौसेने चित्रपट काढले. आधी 'मालेगाव के शोले' आणि मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यांचा सुपरमॅन होता शफीक, यंत्रमागावरचा कामगार. अंगावर मांस नाही, छाती आत गेलेली. हिरवे कापड मागे लावून त्याला उडविले. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये या खटाटोपावर माहितीपट केला. तो पाहताना आम्ही पोट धरून हसलो आणि मध्येच हसू घशात अडकले. हा सुपरमॅन उडताना आपल्याला त्याची काळजी वाटते! गावातली धूळ आणि मागावरची पाळी त्याच्या अंगावरच दिसते, वेगळे सांगावे लागत नाही. मारामारी आणि माणूस, दोन्ही एकाच वेळी. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. या मंडळींवरचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला. पोरांना दाखवायचेच असेल तर आधी माहितीपट दाखवावा, असे आम्ही म्हणू.

बुद्ध जयंतीला ठिकठिकाणी अंगुलीमालाचे नाटुकले बसते. तिथेही हाच पेच. प्रत्येक पोराला तलवार पाहिजे, भगवान व्हायला कोणी तयार नाही, कारण त्यांना मारामारी नाही! पण नीट बसविले तर यासारखा धावपळीचा प्रसंग दुसरा नाही. गुराखी, शेतकरी अडवीत असताना एक माणूस रानात चालत जातो. दुसरा तलवार घेऊन जिवाच्या आकांताने मागे धावतो आणि त्याला गाठता येत नाही. कोणीच कोणाला मारीत नाही, तरी पाहणाऱ्यांचा श्वास रोखलेला असतो. हा चमत्कार म्हणून दाखवू नका. धावणाऱ्याची धाप दाखवा, घाम दाखवा, चालणाऱ्याची शांतता दाखवा.

बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथात अंगुलीमालाची दीक्षा घेतली आहे. नाटुकले मात्र बहुतेक जागी तलवार खाली पडली की संपते आणि टाळ्या होतात. आमची सूचना अशी की, पुढचा प्रसंग गाळू नका. जुन्या पाली सूत्रात तो आहे. भिक्खू झालेला अंगुलीमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो. लोकांनी भिरकावलेली ढेकळे, काठ्या, खापऱ्या त्याला लागतात. डोके फुटते, चीवर फाटते, भिक्षापात्र फुटते. तो हात उचलीत नाही आणि तसाच रक्ताने माखून भगवंतांकडे परततो. तलवारीसाठी भांडणाऱ्या पोरालाच हे काम द्या. दगड कागदाचे करा, म्हणजे कोणाला लागणार नाही. भिक्षापात्र मात्र कुंभाराकडून मातीचेच आणा आणि ते खाली पडून फुटल्याचा आवाज शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीपर्यंत गेला पाहिजे.