आधी काम, मग फ्रेमवर्क



डिंडोलीतली इंजिनिअरिंगची मुलं मला भेटली की हमखास विचारतात, "दादा, जँगो शिकू, लारावेल शिकू, की स्प्रिंग बूट?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे क्लासची फी असते आणि बऱ्याच घरांत ती लूमवरच्या रात्रपाळीतून आलेली असते. म्हणून या वेळी त्यावरच लिहितो.

फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा. लॉगिन, फॉर्म तपासणं, डेटाबेसमधून माहिती काढणं ही कामं बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लागतात, ती इथे तयार मिळतात. जँगोसाठी पायथन लागते, लारावेलसाठी पीएचपी, स्प्रिंगसाठी जावा. जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथे मजकूर झटपट भरायची गरज होती, म्हणून माहिती भरण्याची तयार पानं त्यात आयतीच मिळतात.

सुरतकरांना वेगळं सांगायला नको. वॉटर जेट लूमवर पॉलिस्टर झपाट्याने निघतं, पण सुती धागा चालत नाही, कारण तो पाणी पितो. दोष लूमचा नाही, धागाच वेगळा आहे.

मागच्या वर्षी एका साडी व्यापाऱ्याचं ऑर्डर आणि उधारीच्या हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. माझा हात जँगोवर बसलेला. पण त्यांचं होस्टिंग स्वस्तातलं, त्यावर पीएचपी विनाखटपट चालतं. शिवाय पुढची देखभाल त्यांचा पुतण्या करणार होता आणि त्याला पीएचपी येत होती. मी लारावेल निवडलं. ऐन दिवाळीत बिल निघेनासं झालं तर ते त्यालाच दुरुस्त करता आलं पाहिजे.

फ्रेमवर्कलाही वय असतं. गूगलच्या अँग्युलरजेएसचा एके काळी मोठा बोलबाला होता. २०१६ मध्ये अँग्युलर नव्याने लिहून आलं आणि २०२१ च्या डिसेंबरअखेर जुन्याचा अधिकृत आधार संपला. ज्यांची जावास्क्रिप्ट पक्की होती, त्यांना नवं शिकणं सोपं गेलं. ज्यांनी नुसत्या पायऱ्या पाठ केल्या होत्या, त्यांना पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

म्हणून मुलांनो, दर महिन्याला घोडा बदलू नका. एक भाषा आणि तिचं एक फ्रेमवर्क धरा आणि वर्षभरात घरचं एखादं काम त्यात पुरं करा. बाबांच्या मीटरप्रमाणे मजुरीचा हिशेबच घ्या ना! एक नीट आलं की दुसऱ्यातली निम्मी वाट ओळखीची निघते.

आणि पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना दोनच गोष्टी विचारा: मूळ भाषा किती दिवस शिकवणार, आणि शेवटी मुलाने स्वतः बनवलेलं, चालणारं असं काय दाखवणार?