साक्षीदार उपाशी, तर दावा कसा टिकेल?



वनहक्काच्या दाव्याला कोणते पुरावे चालतात ते नियम १३ मध्ये लिहिलेलं आहे. जुने नकाशे, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, शेतातला बांध, जुनी विहीर, मसणवटा, देवाचं ठाणं, हे सगळं त्यात येतं. आणखी एक पुरावा आहे, त्याला शिक्का लागत नाही. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगायचं आणि ते लिहून घ्यायचं. कोणत्या नाल्यापर्यंत गुरं चरत होती, कोणाच्या बापाने कोणता तुकडा मोडला, हे ज्याला ठाऊक तो आपला साक्षीदार. कायदा एकापेक्षा जास्त पुरावे मागतो. आपल्याकडे कागद कमी, म्हणून बुढ्या माणसांवर आपला भरवसा जास्त.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलातून काढायचा हुकूम दिला. देशभर ओरड झाली, तेव्हा २८ फेब्रुवारीला तो थांबवला. फेटाळलेले दावे पुन्हा तपासायचं ठरलं. मग कोरोना आला. ग्रामसभा घेता येत नव्हत्या, कचेऱ्या अर्ध्या माणसांवर चालल्या, फाइली थांबल्या. फाइलीला भूक लागत नाही, ती दोन वर्षं कपाटात राहू शकते. ऐंशी वर्षांच्या माणसाला तसं राहता येत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये वाशिम जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण आपल्या मेडशीत निघाला. वाटा बंद झाल्या. आठवडी बाजार बंद, गाड्या बंद, मजुरी बंद. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर घराघरात ताप होता. हा आजार साठीच्या वरच्यांना जास्त धरतो, हे सगळ्यांनी सांगितलं. त्या साठीच्या वरच्यांच्या ताटात काय आहे, हे विचारायला मात्र कोणी आलं नाही.

सरकार म्हणतं, धान्य दिलं. दिलं हे खरं, ते आम्ही नाकारत नाही. कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो मिळतं. गरीब कल्याण योजनेत आणखी ५ किलो फुकट मिळालं, २०२१ मध्ये ते दिवाळीपर्यंत द्यायचं ठरलं होतं. पण हिशेब मांडून पाहू. ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. दुप्पट केलं तर ३३२. तेही फक्त गहू आणि तांदूळ. २०२० मध्ये घरटी महिन्याला १ किलो डाळ किंवा हरभरा होता. पाच माणसांच्या घरात तो माणशी दिवसाला सात ग्रॅमही पडत नव्हता. २०२१ मध्ये तेवढाही नव्हता, त्या वर्षीच्या योजनेत डाळच नव्हती. ज्याच्या तोंडात दात नाहीत तो कोरडी पोळी कशी खाईल? तो ती पाण्यात, नाहीतर चहात बुडवून खातो. त्याने पोट भरतं, अंगाला लागत नाही. अंगात ताकद नसलेल्या माणसाला ताप आला की तो खाटेवरून उठत नाही.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना, सहा महिने ते चौदा वर्षांच्या पोरांना त्यात शिजवलेल्या किंवा पोषक आहाराचा हक्क आहे. तो पाहिजेच. म्हाताऱ्यांसाठी तसं एकही कलम नाही. शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात आहे, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ती फुकट केली होती. पण थाळी केंद्रावर मिळते आणि बुढी पाड्यावर असते. मध्ये गाडी नाही.

श्रावणबाळ योजनेत २०२१ मध्ये पासष्टच्या वर महिन्याला १,००० रुपये होते. दिवसाला ३३ रुपये झाले. तेव्हा गोडं तेल दीडशेच्या पार गेलं होतं, तूरडाळ शंभरीच्या आसपास होती. त्यातच गोळ्या आणि बँकेत जाण्याचं भाडं. तेही महिन्याच्या महिन्याला येत नव्हते, दोन-तीन महिन्यांचे एकदम येत.

आता अंगठ्याचं. आपल्या बायांनी जन्मभर बिब्बे फोडले. बिब्ब्याच्या तेलाने हात उलले, बोटांच्या रेघा गेल्या. मशीनवर अंगठा लागत नाही. कोरोनात काही महिने दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायची सोय केली होती. ज्यांच्या रेघा गेल्या त्यांच्या रेघा कोरोना संपल्यावरही परत आल्या नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी सोय कायमची पाहिजे.

पूर्वी अशा वेळी जंगल होतं. पहाटे मोहफुलं वेचायला सगळ्यात आधी बुढेच जात. २०२० च्या टाळेबंदीत लोक दंडुक्याच्या भेवाने घरात बसले. गौण वनउपज गोळा करायला आदिवासींना सूट आहे, असा हुकूम दिल्लीच्या गृहखात्याने १६ एप्रिलला काढला. तोवर मोहाचा बहर सरत आला होता. सुक्या मोहफुलाचा हमीभाव १ मे ला १७ वरून ३० रुपये किलो झाला. ज्याने फूल वेचलंच नाही त्याला त्या भावाचा काय उपयोग?

खावटीचंही पहा. सरकारने २०२० मध्ये घरटी ४,००० ची खावटी मंजूर केली, २,००० रोख आणि २,००० च्या डाळी, कडधान्य, तेल, मीठ. वनहक्क मिळालेली कुटुंबं त्या यादीत हक्काने बसली. ज्यांचा दावा लटकलेला होता त्यांना या दारातून जाता आलं नाही, दुसरं दार शोधावं लागलं. म्हणजे जमिनीचा कागद नाही म्हणून डाळही नाही. जमिनीची लढाई आणि ताटाची लढाई वेगळी नाही ती अशी.

एक गोष्ट आपल्या हातातली आहे. आज तुकड्या-तुकड्यावर सोयाबीन आहे. पैसा येतो, म्हणून लोक पेरतात, त्यांना दोष नाही. पण सोयाबीन कोठारात पडलं तरी बुढीला त्याची भाकर करता येत नाही. आधी ज्वारी, मूग, उडीद, चवळी, अंबाडी घरचं होतं. मऊ भाकर वरणात कुस्करून म्हातारं माणूस पोटभर जेवायचं. ज्या जमिनीसाठी आपण भांडतो तिच्यात आपलं खाणं उगवलं पाहिजे.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत:

१) गावातल्या साठीच्या वरच्या सगळ्यांची यादी करायची. कोण एकटं राहतं, कोणाचं नाव पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराच्या कार्डावर अडकलं आहे, ते लिहायचं.

२) एकट्या आणि निराधार म्हाताऱ्यांचं कार्ड वेगळं करून अंत्योदयमध्ये मागायचं. अंत्योदयला ३५ किलो मिळतं, साध्या कार्डावर एकट्याला ५ किलो. आधार नसलेल्या म्हाताऱ्यांना अंत्योदय द्या, असा सुप्रीम कोर्टाचा २ मे २००३ चा हुकूम आहे. 'इष्टांक संपला' असं उत्तर आलं तर ते लेखी मागायचं.

३) अंगठा न लागणाऱ्यांसाठी कायमची सोय, आणि रेशनवर डाळ व तेल, ही मागणी तहसीलला द्यायची.

४) खावटीसारख्या मदतीसाठी दावा प्रलंबित असलेल्या कुटुंबांची यादी अकोल्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यायची, पोच घ्यायची.

५) प्रत्येक घराने सोयाबीनमध्ये मूग-उडदाच्या चार ओळी ठेवायच्या. गावातलं जे म्हातारं एकटं आहे त्याला वरण कोणत्या दिवशी कोणत्या घरचं, ते पाळीने ठरवायचं.

पाचवं काम सरकारची वाट न पाहता उद्यापासून करता येतं. पहिली चार अडली तर ती भांडून करून घ्यायची.

आणि कोणी असं समजू नये की बुढे पुराव्याच्या कामाचे आहेत म्हणून त्यांना जेवू घालायचं. ज्याचा दावा नाही, ज्याला काही आठवत नाही, त्यालाही तेवढंच वरण पाहिजे. त्यांनीच हे जंगल राखलं, त्यांच्याच घामाचा तुकडा आज आपण नावावर मागतो आहोत.

निवेदन लिहून घ्यायला जाल तेव्हा चुलीवर काय शिजतंय तेही विचारा. वहीत तेही लिहा.

जोहार!