पायपुसण्याखालची फरशी

मागच्या वर्षी आमच्या हातून वरवंटा निसटला आणि बेसिनसमोरच्या टाईलवर पडला. टाईलचा एक कोपरा उडाला आणि तिथून मधोमध तडा गेला. आम्ही काय केलं? त्यावर पायपुसणं टाकलं. पाहुणे आले तरी दिसायला नको, एवढाच विचार. आठ महिने ते तसंच राहिलं.

एके दिवशी फजरच्या वेळी अम्मी वुजूसाठी उठल्या. कुणाची झोप मोडू नये म्हणून त्या दिवा लावत नाहीत. उजाडल्यावर आम्हाला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. पायपुसणं सरकलं होतं आणि तुटक्या टाईलची कड अम्मींच्या तळव्याला लागली होती.

“अम्मी, लागलं कसं?”

“कुठं लागलंय? मला तर काहीच कळलं नाही.”

अम्मींना बरीच वर्षं शुगर आहे. पायांची जाणीव कमी झालेली. ज्याला आपण खरचटणं म्हणतो, ती जखम भरायला तीन आठवडे लागले. डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीला आम्हाला ते पायपुसणं आठवत होतं. सिरॅमिक टाईलचा वरचा चकचकीत थर म्हणजे एक प्रकारची काचच. तुटली की ती काचेसारखीच कापते.

ओळखीच्या मिस्त्रीचाचांना बोलावलं, तर ते म्हणाले, “बेटा, एका टाईलसाठी माझा दिवस मोडतो.” आधी राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे. एक टाईल बसवायची म्हटली तरी पूर्ण दिवसाची हजेरी जाते, आणि तेवढे पैसे द्यायला आपलाच हात आखडतो. तरी संध्याकाळी घरी जाताना ते डोकावले. खिशातलं नाणं काढून त्यांनी आजूबाजूच्या टाईल्सवर वाजवलं. त्या भरीव वाजल्या. तुटलेली मात्र पोकळ. “वरवंटा निमित्त झाला. कोपऱ्याखाली मसालाच पोचला नव्हता. जिथं पोकळी असते तिथं टाईल फुटते.” मग त्यांनी सगळी रीत समजावली, छन्नी आणि दातेरी थापी उसनी दिली, आणि एका रविवारी आम्ही घरच्यांनीच ते काम केलं.

पहिली अडचण टाईल मिळवण्याची. बारा वर्षांपूर्वीचं डिझाइन दुकानात मिळत नाही. नाव तेच असलं तरी खोक्यावरचा शेड नंबर बदलला की रंगात फरक पडतो. पण मरहूम अब्बांनी माळ्यावर तीन टाईल्स कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. दर ईदच्या साफसफाईत आम्ही त्या टाकून द्यायला निघायचो. ज्यांच्याकडे शिल्लक नसेल, त्यांनी जुळत्या रंगाच्या मागे न लागता त्याच मापाची आणि जाडीची, मुद्दाम वेगळी नक्षीदार टाईल बसवावी. जवळपास जुळणारा रंग डोळ्याला जास्त खटकतो.

काम सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावर सांगून आलो. ठोकाठोकीचा आवाज सगळ्यात जास्त त्यांनाच होतो. त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, म्हणून त्याच्या झोपेची वेळ टाळली.

चाचांचा पहिला नियम: टाईलवर हातोडी मारण्याआधी चारही बाजूंच्या सांध्यांतलं सिमेंट खरवडून काढा. सांधा भरलेला असला तर हादरा शेजारच्या टाईलला जातो आणि एकीच्या दोन होतात. दुसरा नियम: सुरुवात मधून करा, कडेकडे या. कडेला छन्नी घालून उचकटायला गेलात, तर शेजारच्या टाईलची कड उडालीच समजा. आम्ही शेजारच्या टाईल्सच्या कडांवर चिकटपट्टी लावली, तुटक्या टाईलवर ओलं फडकं टाकलं आणि मधोमध हलक्या हातानं ठोकत गेलो. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, हातात जाड मोजे. मुलं दुसऱ्या खोलीत. टाईलची बारीक धूळ फुफ्फुसांना वाईट असते, म्हणून कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं टिपावी.

टाईल निघाल्यावर खालचा जुना मसाला थोडा तासावा लागतो. नव्या टाईलची जाडी आणि ॲडहेसिव्हचा थर, एवढी जागा हवी. खोल मात्र जायचं नाही. फ्लॅटमध्ये फरशीखालून नळाचे किंवा विजेचे पाइप गेलेले असू शकतात. मग टाईल कोरडीच ठेवून पाहावी. आमची पहिल्यांदा दोन मिलिमीटर वर आली, म्हणून पुन्हा तासलं. घाई इथंच नडते. वर राहिलेली कड पुन्हा कुणाच्या तरी पायाला लागणारच.

ॲडहेसिव्ह थोडंच कालवावं. ते लवकर घट्ट होतं. थापीच्या दातांनी जमिनीवर सारख्या रेघा ओढाव्यात, एक पातळ हात टाईलच्या पाठीलाही द्यावा, कोपरे विसरू नयेत. नुसते चार गोळे ठेवून टाईल दाबली की पुन्हा तीच पोकळी. टाईल बसवल्यावर सांधे चारही बाजूंनी सारखे करावेत आणि सरळ लाकडी पट्टी आडवी-उभी ठेवून पातळी बघावी. आम्ही त्या जागेवर पाट उलटा ठेवला आणि 24 तास कुणाला पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सांधे भरले आणि वरचं जास्तीचं सिमेंट ओल्या स्पंजनं पुसलं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. न्हाणीघरातली टाईल अशी घरी उखडू नका. खाली पाणी अडवणारा थर असतो, तो फुटला तर गळती खालच्या घरात. आणि ठोकून पाहताना बऱ्याच टाईल्स पोकळ वाजल्या, तर ते काम मिस्त्रीचंच. त्याला त्याची पूर्ण हजेरी द्या.

छन्नी परत करताना आम्ही चाचांना पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

नवी टाईल थोडी उजळ दिसते. बारा वर्षं तिच्यावर कुणाचा पाय पडलेला नव्हता ना! अम्मींनी अनवाणी पाय तिच्यावरून फिरवला आणि म्हणाल्या, “कोणती बदलली?” आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं. उरलेल्या दोन टाईल्स पुन्हा कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या, आणि स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला.

आज वेळ काढून आपल्याही घरातलं पायपुसणं, सतरंजी उचलून पाहा. खाली एखादी तडकलेली टाईल असेल, तर तिला पुन्हा झाकू नका.